पेरोव्हस्काइट सोलर सेल: सगळा खेळ रवा धरण्याचा

खडीसाखर
सोमवार, रात्री ११:४०

मागच्या आठवड्यात गप्पांच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं, "तुमचे ते नवे सोलर सेल दहा वर्षं 'येणार येणार' ऐकतोय, अडलंय कुठे?" तिथे दोन ओळी खरडल्या, पण त्या मलाच पटल्या नाहीत. म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आजचीच गोष्ट. लॅबमध्ये बारा काचा केल्या, म्हणजे काचेवर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर बसवला; उजेडाची वीज तोच करतो. बाहेर पाऊस कोसळतोय, भिंतीवरचं मीटर आर्द्रता ७८ टक्के दाखवतंय. ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे बाहेरून हात घालून कोरड्या वायूत काम करायची बंद पेटी, मार्चपासून बंद (त्याच्या एका सुट्या भागाची फाईल कुठल्या टेबलावर झोपली आहे ते विचारू नका), त्यामुळे सगळं काम ॲक्रिलिकच्या खोक्यात नायट्रोजन सोडून चाललंय. थर धरवायला वरून टाकतो ते क्लोरोबेंझीन संपलेलं, म्हणून टोल्यूईन. हॉटप्लेटवर बाराच्या बारा काचा दृष्ट लागावी अशा काळ्याभोर झाल्या. उतरवून ठेवल्या, डबा खाऊन आले, तर नऊ काचा कडेने पिवळ्या पडायला लागलेल्या. तीन मात्र ठणठणीत. द्रावण तेच, हात तोच, दुपार तीच.

आता हे काळं-पिवळं प्रकरण. १८३९ साली गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजतज्ज्ञाने उरल पर्वतातल्या एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थाचं नाव दिलं, आणि पुढे तशाच ठेवणीच्या सगळ्या स्फटिकांना ते चिकटलं. आमच्या पदार्थात ते मूळ खनिज औषधालाही नाही. शिसं आणि आयोडीन यांचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात बसलेला फॉर्मामिडिनियम नावाचा सेंद्रिय आयन, एवढाच संसार. हा आयन पिंजऱ्याला किंचित मोठा पडतो. त्यामुळे साध्या तापमानाला पदार्थाचा ओढा एका वेगळ्याच, पिवळ्या रचनेकडे असतो, आणि ती विजेच्या काही कामाची नाही. दीडशे अंशांच्या आसपास तापवला की काळा होतो. थंड झाल्यावर काळाच टिकतो तो केवळ परतीची वाट अवघड म्हणून. हवेतली वाफ ती वाट सोपी करून देते. आमचा पावसाळा असा असतो.

२००९ साली योकोहामात मियासाका यांच्या गटाने या कुळातल्या पदार्थाचा पहिला सेल केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. आतल्या द्रवात तो पदार्थ काही मिनिटांत विरघळून जायचा. २०१२ मध्ये द्रव काढून घन थर वापरल्यावर गाडी १० टक्क्यांपर्यंत आली आणि मग सुटलीच. आज छोट्या सेलवर २६ टक्क्यांच्या वरचे आकडे प्रमाणित आहेत. सिलिकॉनला हा प्रवास करायला काही दशकं लागली.

एवढ्या झपाट्याचं कारण म्हणजे हा पदार्थ करायला कमालीचा सोपा. सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळवायचं, त्यातून एकसंध कांडी हळूहळू ओढून काढायची, तिच्या चकत्या पाडायच्या. चकती साधारण दीडशे मायक्रॉनची. आमचं काय? दोन पुड्या द्रावकात ढवळायच्या, काचेवर पसरायच्या, इडलीपात्रापेक्षा थोडं जास्त तापवायचं. थर अर्ध्या मायक्रॉनचा.

आणि जो पदार्थ इतक्या सहज जमतो, तो तितक्याच सहज वेडावाकडाही जमतो. माझ्या मते अडलंय ते इथेच.

स्पिन कोटरवर, म्हणजे काच गरगर फिरवून थर पसरवणाऱ्या यंत्रावर, काय होतं ते बघा. एक इंचाची काच चकतीवर. त्यावर पिवळसर द्रावणाचे थेंब: लेड आयोडाइड आणि फॉर्मामिडिनियम आयोडाइड, चार भाग डीएमएफ आणि एक भाग डीएमएसओ या द्रावकांमध्ये. आधी मिनिटाला १००० फेरे, दहा सेकंद, मग मिनिटाला ५०००-६००० फेरे. जास्तीचं द्रावण उडून जातं, उरलेला थर पातळ होत जातो, द्रावक उडतो आणि द्रावण अतिसंपृक्त होतं. म्हणजे पोटात मावत नाही इतकं वाढून घेतलेलं. या क्षणी स्फटिकाची बीजं धरायला सुरुवात होते. आपण नुसतं बघत बसलो तर इथे एक, तिथे एक अशी तुरळक बीजं धरतात आणि प्रत्येक बीज आजूबाजूचा माल ओढून काटेरी झुडपासारखं वाढतं. मधे उघडी काच. असा सेल भोकं पडलेल्या गाळणीसारखा, वरचा थर भोकांतून खालच्या थराला टेकतो आणि वीज आतल्या आत मुरते.

उपाय २०१४ मध्ये कोरियात सांग इल सोक यांच्या गटाने ठसठशीत दाखवला. चकती फिरत असतानाच वरून टोल्यूईन टाकायचं. टोल्यूईन डीएमएफशी गळ्यात गळा घालतं, पण आमच्या क्षारांना विरघळवत नाही. त्यामुळे द्रावक एकदम ओढला जातो आणि सगळीकडे एकाच वेळी बीजं धरतात. तिकडे डीएमएसओ लेड आयोडाइडचा हात धरून ठेवतो, त्याला लगेच आयोडाइडांच्या गर्दीत मिसळू देत नाही. काच हॉटप्लेटवर टेकली की डीएमएसओ निघून जातो आणि डोळ्यांदेखत फिकट थर तपकिरी, मग काळा होतो. चारशे वेळा पाहिलंय, अजून बघत राहते.

टोल्यूईन टाकायची वेळ चुकायची मुभा काही सेकंदांची. लवकर टाकलं तर सगळं धुऊन जातं, उशिरा टाकलं तर झुडपं आधीच उगवलेली. त्या काही सेकंदांवर अख्खा सेल.

दोषांबद्दल उद्या लिहिते. डोळे मिटतायत.

पिंगळा
मंगळवार, सकाळी ७:०५

खडीसाखर नावाच्या आयडीने स्फटिकांवर धागा काढावा हा योगायोग की कट? वाचनखूण साठवली.

सुगरण_नाही
मंगळवार, सकाळी ९:२०

रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण तूप कळतं. आमच्या सासूबाई कढ उतरवताना पाण्याचा हबका मारतात, मग म्हणतात आता हात लावू नका, निवांत गार होऊ दे, रवा धरेल. मी एकदा घाई करून पातेलं थेट फ्रीजमध्ये ठेवलं, तर मेणासारखा गोळा. तुझं टोल्यूईन म्हणजे आमचा हबका आणि हॉटप्लेट म्हणजे निवांतपणा, बरोबर का?

खडीसाखर
मंगळवार, दुपारी १:१५

सुगरण_नाही, आयडी बदला आधी. हे इतकं चपखल आहे की मी गाईडना ऐकवणार आहे.

फक्त एक फरक. तुपात आपल्याला मोठा, सुटा रवा हवा असतो, मधे पातळ तूप राहिलं तर उलट आवडतंच. आम्हाला मधे काहीच रिकामं चालत नाही. फरशी बसवल्यासारखे रवे एकमेकांना खेटून हवेत, आणि प्रत्येक रवा खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत सलग. म्हणून आधी घाई आणि मग सबुरी. बीजं धरताना घाई, रवा वाढताना सबुरी. त्या सबुरीसाठी आम्ही द्रावणात थोडं मिथिलअमोनियम क्लोराइड घालतो. ते काळी रचना लवकर धरायला मदत करतं, रवा मोठा करतं आणि तापवताना बरंचसं उडून जातं. लग्नात राबून पंगतीला न थांबणारे पाहुणे असतात ना, तसं.

शंकासुर
मंगळवार, दुपारी ४:४८

म्हणजे मोठा रवा = चांगला सेल. मग सिलिकॉनसारखा एकच मोठा स्फटिक वाढवा की. आणि दर दोन वर्षांनी पेपरात "सौरऊर्जेत क्रांती" वाचून माझे डोळे पांढरे झालेत. क्रांती माझ्या गच्चीवर कधी येणार?

खडीसाखर
मंगळवार, रात्री १०:३०

शंकासुर, दोन्ही टोले मान्य, पण पहिला अर्धवट आहे.

एकसंध स्फटिक वाढवतात, आणि तेही गमतीशीर रीतीने. यातल्या काही पेरोव्हस्काइटांचं द्रावण विशिष्ट द्रावकात तापवलं की ते जास्त विरघळण्याऐवजी स्फटिक बाहेर टाकतात. सौदीतल्या काऊस्ट विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये ही रीत मांडली. काही तासांत काही मिलिमीटरचा काळा, चकचकीत ठोकळा हातात येतो. पण आम्हाला हवा अर्ध्या मायक्रॉनचा थर आणि तोही चौरस मीटरभर. ठोकळ्याचा पापड लाटता येत नाही.

आणि "मोठा रवा = चांगला सेल" हे आमच्याही क्षेत्रात बरीच वर्षं मंत्रासारखं म्हटलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठे रवे दिसले की लोक खूश. पण रवा लहान असूनही उत्तम चालणारे सेल आहेत आणि मोठ्या रव्यांचे रडके सेल मी स्वतः केलेत. रव्याच्या कडांवर आणि पृष्ठभागावर काय शिल्लक राहतं, ते बघावं लागतं. म्हणजे दोष. कालचं राहिलेलं तेच.

स्फटिक म्हणजे शिस्तीत बसलेली पंगत. पण पंगतीत मधेच एखादं पान रिकामं असतं: आयोडीनची जागा आहे, आयोडीन नाही. कुठे दुसऱ्याच्या पानावर तिसराच बसलेला. आणि पंगतीच्या टोकाला, म्हणजे पृष्ठभागावर, शिशाच्या अणूचा एक हात कुणाच्याच हातात नाही. उजेडाने उठवलेला इलेक्ट्रॉन तिथे अडकला की त्याची वीज न होता उष्णता होते. सेलचा व्होल्टेज पडतो. माझे सेल १.०५ व्होल्टच्या आसपास रेंगाळतात, चांगल्या लॅबचे १.१५ च्या पुढे जातात. बाहेरच्या माणसाला हा दशांशाचा खेळ वाटेल. आमची अर्धी लढाई तेवढ्यासाठीच असते.

या पदार्थाचं नशीब मात्र थोर. सिलिकॉन नावापुरतीही अशुद्धी खपवून घेत नाही. इथे प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये अब्जावधी दोष असूनही सेल चालतो, कारण त्यातले बहुतेक दोष उथळ असतात. आपल्या रस्त्यांवरचे लहान खड्डे समजा. दुचाकी आदळते, पण पुढे जाते. खरी भीती झाकण नसलेल्या मॅनहोलची. असे खोल दोष बहुतेक करून पृष्ठभागावर आणि रव्यांच्या कडांवर असतात.

म्हणून ती झाकणं बसवायची. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने थायोफीन आणि पिरिडीन ही सेंद्रिय रसायनं लावून पाहिलं. यांच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनची जोडी असते, ती त्या एकट्या पडलेल्या शिशाला मिळते. २०१९ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या बीजिंगमधल्या गटाने तयार थरावर फिनेथिलअमोनियम आयोडाइड नावाच्या क्षाराचा हात फिरवला आणि प्रमाणित २३.३ टक्के गाठले. २०२१ मध्ये कोरियन-स्विस मंडळींनी द्रावणातच फॉर्मेट घातलं. हा चिमुकला आयन आयोडीनच्या रिकाम्या पानावर नेमका बसतो, आणि त्यांचा सेल २५.६ टक्क्यांवर गेला. मुंग्यांच्या चाव्यात जे आम्ल असतं, त्याचाच हा क्षार.

सेल किती निर्दोष आहे ते बघायची एक सुंदर युक्ती म्हणजे तो उलटा चालवायचा. वीज आत सोडायची आणि किती उजळतो ते मोजायचं. उत्तम सोलर सेल हा उत्तम दिवाही असावा लागतो. आमचा पदार्थ अवरक्ताच्या काठावर उजळतो, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे दिवाळीला उपयोग नाही.

तांबडा_पांढरा
बुधवार, सकाळी ८:१०

ताई, लई भारी चाललाय धागा. आम्ही एम.एस्सी.ला कोल्हापुरात पातळ थरच करत होतो. गरम काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, दुसरं काय. शिवाजी विद्यापीठात ही परंपरा जुनी, नुसता फवारा आणि बीकरमधलं द्रावण यांच्या जोरावर पोरांनी पीएचड्या केल्या. आमच्याकडं कसली ग्लोव्ह बॉक्स न् कसलं काय.

म्हणून एक सांगतो. आमच्याच विद्यापीठातनं पीएचडी केलेले सावंता माळी आणि त्यांच्या सहकारी ज्योती पाटील, कोरियात चोन्नम विद्यापीठात चांग कुक होंग यांच्या लॅबमध्ये, उघड्या हवेत करायच्या पद्धतीवर काम करतात. टोल्यूईन नाही, क्लोरोबेंझीन नाही. फिरत्या ओल्या थरावर गरम हवेचा झोत सोडायचा, द्रावक उडतो आणि बीजं धरतात. २०२३ मध्ये नेचर एनर्जीत त्यांचा पेपर आला. त्यात सेंद्रिय आयनच काढून सिझियम घातलेलं, एकाच पदार्थाची दोन रूपं एकावर एक, एक थर गरम हवेनं केलेला आणि दुसरा निर्वातात वाफेनं बसवलेला. २१.५ टक्क्यांच्या वर गेले. नाद खुळा.

तुम्ही पण पावसाळ्यात एकदा गरम हवा मारून बघा की.

खडीसाखर
बुधवार, दुपारी २:००

तांबडा_पांढरा, तो पेपर माझ्या टेबलावर आहे, कॉफीच्या डागासकट. मी मात्र हेअर ड्रायरने एकदा प्रयत्न केलाय आणि डीएमएफची वाफ थेट तोंडावर घेतली. ती यकृताला वाईट. कुणी विद्यार्थी वाचत असेल तर फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, बाहेर हा उद्योग करू नका.

पण तुमचा मुद्दा मोठा आहे. वरून थेंब टाकायची रीत एक इंचाच्या काचेवर ठीक. मीटरभर काचेवर एकाच क्षणी, सगळीकडे सारखं टोल्यूईन कसं ओतणार? कारखान्यात द्रावणाचा पातळ पडदा फटीतून काचेवर सोडतात आणि मग हवेची सुरी (पातळ, जोरदार झोत) किंवा निर्वात वापरून द्रावक ओढून घेतात. आमचे सत्तर टक्के पेपर एका नखाएवढ्या सेलवर आहेत. (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

आणखी एक गंमत. वाफ नेहमीच शत्रू नसते. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने दाखवलं की तापवताना हवेत तीसेक टक्के आर्द्रता असेल तर रवे उलट चांगले वाढतात, कडा सांधल्या जातात. त्यांचा पदार्थ थोडा वेगळा होता, आणि तीस म्हणजे तीस. आमच्याकडचे ७८ नाहीत.

गच्चीवरचे_आजोबा
बुधवार, संध्याकाळी ६:३५

मी निवृत्त अभियंता, वय ७१. सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवायचं घरात चाललं आहे. अनुदान ७८,००० मिळतं. मुलगा म्हणतो थांबा बाबा, पेरोव्हस्काइट येतंय, दुप्पट वीज देईल. थांबू का? आणि त्यात शिसं असतं म्हणे. छतावरचं पाणी आम्ही टाकीत साठवतो.

खडीसाखर
बुधवार, रात्री ११:१०

आजोबा, थांबू नका. उद्याच अर्ज करा. मुलाला माझा नमस्कार सांगा.

दुप्पट वगैरे काही नाही. एकाच पदार्थाच्या सेलला सुमारे ३३ टक्क्यांची नैसर्गिक मर्यादा आहे, सिलिकॉनला २९ च्या थोडी वर. म्हणून सध्याचा खरा डाव जोडसेलचा: खाली नेहमीचं सिलिकॉन, वर पेरोव्हस्काइट. डोळ्यांना दिसणारा बहुतेक उजेड वरचा खातो, अवरक्त खाली उतरतो. चीनच्या लाँगी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये अशा सेलवर ३४.८५ टक्के प्रमाणित करून घेतले. पण तो प्रयोगशाळेतला छोटा सेल. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिली व्यापारी खेप अमेरिकेत पाठवली, त्या पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के. आज बाजारात मिळणारं चांगलं सिलिकॉन २२ च्या आसपास आहे. फरक आहे, पण तुमच्या बिलात तो चमत्कार करणार नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत दिनेश काबरा यांचा गट जोडसेलवर काम करतोय. तिथलं राष्ट्रीय प्रकाशविद्युत केंद्र २०१० पासून आहे.

आता टिकाऊपणा. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. ती मिळण्याआधीच्या चाचण्यांपैकी एक म्हणजे ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास. आमचा पदार्थ इथे घामाघूम होतो, आणि कारण पुन्हा तेच दोष. आयोडीनचं एक पान रिकामं असलं की शेजारचा त्यावर सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी. पंगतभर जागाबदल सुरू. उजेड आणि उष्णता मिळाली की जास्तच. जोडसेलसाठी आयोडीनबरोबर ब्रोमीन मिसळावं लागतं, तिथे तर उन्हात दोघे वेगळे होऊन आपापले कोपरे धरतात आणि अंधारात ठेवलं की पुन्हा एकत्र येतात. स्टॅनफर्डच्या गटाने २०१५ मध्ये हे दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. म्हणजे मॅनहोलवर झाकण बसवलं की व्होल्टेज वाढतो एवढंच नाही, आयोडीनची भटकंतीही कमी होते. माझा सगळा प्रबंध या एका वाक्यावर उभा आहे, पाडू नका.

शिशाचं गणित करून दाखवते. थर अर्धा मायक्रॉन, घनता चारच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला दोन ग्रॅम पदार्थ. त्यात शिसं एक तृतीयांश. पाऊण ग्रॅमही नाही. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोंनी असतं. पण बॅटरी बंद डब्यात असते आणि परत भंगारात जाते. आमचा क्षार पाण्यात सुटू शकतो, आणि तुम्ही छतावरचं पाणी साठवता. त्यामुळे काच फुटली तरी शिसं आतच धरून ठेवणारे थर हवेत, त्यावर काम चालू आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे.

शंकासुर
गुरुवार, सकाळी ९:५५

गणित आवडलं. "अर्ज करा" हेही आवडलं. स्वतःच्या क्षेत्राचा माल न खपवणारा संशोधक प्रथमच पाहिला. आता एक जुनी तक्रार. मी असं वाचलंय की तुमचा सेल व्होल्टेज चढवत मोजला तर एक आकडा आणि उतरवत मोजला तर दुसरा. हे वजनकाट्यावर घडलं तर आपण दुकानदाराशी भांडतो.

खडीसाखर
गुरुवार, दुपारी १:४०

भांडायलाच हवं. ते भटके आयन मोजणी चालू असतानाच जागा बदलतात, म्हणून दोन आकडे. सुरुवातीच्या काळात लोक सोयीचा आकडा छापायचे. आता एका ठरावीक व्होल्टेजवर धरून, आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा अशी शिस्त आली आहे.

ड्रेस्डेनकर
गुरुवार, रात्री ९:१५

मी चिपच्या कारखान्यात आहे, पेरोव्हस्काइटमधला नाही, पण आमच्या गावच्या विद्यापीठातल्या वायनझोफ यांच्या गटाचं एक व्याख्यान ऐकलं होतं. २०२१ चं काम. चौदा वेगवेगळी अँटीसॉल्व्हंट्स (वरून टाकायची टोल्यूईनसारखी द्रावकं) घेऊन त्यांनी दाखवलं की "हे चांगलं, ते वाईट" असं नसतं, ते किती वेगाने ओतता यावर ठरतं. अल्कोहोलं झटक्यात ओतली तर सेल चांगले, टोल्यूईनसारखी सावकाश ओतली तर चांगले, काहींना फरकच पडत नाही. वेग बदलायला त्यांनी काय केलं असेल? मोठी पिपेट आणि छोटी पिपेट. बस.

खडीसाखर, तुम्ही लिहिलंय की क्लोरोबेंझीन संपलं म्हणून टोल्यूईन. सोमवारच्या त्या तीन ठणठणीत काचा कितव्या होत्या? सलग होत्या का? हात तोच म्हणता, पिपेट तीच होती का?

खडीसाखर
शुक्रवार, पहाटे १२:२०

झोप उडवलीत.

वही लॅबमध्येच आहे, पण मी पानांचे फोटो काढून ठेवते. आत्ता पाहिले. चांगल्या काचा ५, ६ आणि ७. सलग. आणि पाचच्या समोर माझ्याच अक्षरात: "निळी टोकं संपली, पिवळी घेतली." निळी टोकं १००० मायक्रोलिटरच्या पिपेटची, पिवळी २०० च्या. आठव्या काचेपाशी ज्युनियर निळ्या टोकांचा नवा डबा घेऊन आला, मी परत मोठ्या पिपेटवर गेले. हे मी लिहून ठेवलं आणि वाचलं नाही!

पिवळ्या टोकाचं भोक बारीक, टोल्यूईन सावकाश पडलं असणार. चार वर्षं मी वेळ सेकंदात मोजतेय, वेगाकडे लक्षच दिलं नाही. पण तीन काचांवर नाचणार नाही. आज बारा करते, सहा निळ्या टोकाने, सहा पिवळ्या, आलटून पालटून, म्हणजे हवेचा दोष असला तर दोघींना सारखाच लागेल.

पिंगळा
शुक्रवार, सकाळी ७:३०

मी आज ऑफिसात कामाच्या नावाखाली हाच धागा रिफ्रेश करत बसणार आहे.

सुगरण_नाही
शुक्रवार, सकाळी ११:०२

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हबका बोटांनी मारायचा, भांड्याने नाही, हे त्या मुलीला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?

खडीसाखर
शुक्रवार, रात्री ८:५०

सासूबाईंना साष्टांग. कुणी सांगितलं नव्हतं.

आजची आर्द्रता ८१, म्हणजे सोमवारपेक्षा वाईट. पिवळ्या टोकाच्या सहापैकी पाच काचा चार तासांनंतरही काळ्या. निळ्या टोकाच्या सहापैकी दोन. पिवळ्या टोकाच्यांतली जी बिघडली, ती काच क्रमांक ११, माझ्याच चिमट्यातून निसटून उलटी पडली होती, तरी ती मी बिघडलेल्यांतच धरली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यांमध्ये बारीक भोकं स्पष्ट दिसतात, बहुतेक कडेकडेने, आणि पिवळेपणा तिथूनच आत सरकतोय. पिवळ्या टोकाच्या काचांत भोकं जवळपास नाहीत. रव्यांचा आकार दोन्हींत सारखाच, शंकासुर, नोंद घ्या.

वरचे थर आणि सोन्याचे इलेक्ट्रोड बसवायला निर्वात यंत्राची पाळी सोमवारी मिळाली आहे. पाच काचा डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवल्यात, सिलिका जेल सकाळी भट्टीत सुकवून निळंशार करून घेतलंय. व्होल्टेज मोजला की इथेच टाकते, चढता आणि उतरता दोन्ही.